इंजेक्शनने गाय वाचली, हे कशावरून?

जनावरांच्या अँटिबायोटिकवर निर्बंध आणायचा विषय निघाला, की आम्हा पशुवैद्यकांच्या बैठकीत एक ठरलेलं उत्तर येतं. उत्तर देणारे लबाड नसतात. रात्री-अपरात्री अडलेली गाय सोडवायला धावणारे, पावसात मोटारसायकल ढकलत वस्तीवर पोचणारे लोक असतात ते. त्यांचं म्हणणं असं : ज्याचं घर दोन गाईंवर चालतं, त्याच्या दारात उभं राहून ‘नमुना प्रयोगशाळेत पाठवू, तोवर थांबू’ असं सांगता येत नाही. जंतू औषधाला दाद देईनासे होतात हे खरं असेल, पण ते उद्याचं संकट आहे. गाय आज मरते आहे. शिवाय युरोपचे नियम युरोपच्या गोठ्यांना शोभतात. आणि खरा घोळ माणसांच्या डॉक्टरांनी घातला आहे, आधी त्यांना धरा.

यावर सहसा नैतिक सुरात उत्तर दिलं जातं. पुढच्या पिढ्या, जागतिक आरोग्य, वगैरे. त्या सुरात बोललं की वाद तिथेच हरतो, कारण समोरच्याचं पहिलं गृहीतक आपण निमूट मान्य करून बसतो. ते गृहीतक म्हणजे आज मारलेल्या इंजेक्शनाने गाय वाचते. माझं भांडण याच वाक्याशी आहे. आपल्या गोठ्यांमध्ये दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकचा मोठा भाग गाईला वाचवत नाही. पुष्कळदा ती आपली आपण बरी होते आणि श्रेय कुपीला जातं. पुष्कळदा औषध आजाराच्या जागी पोचतच नाही. आणि अधूनमधून असंही होतं, की त्या इंजेक्शनाच्या भरवशावर खऱ्या उपचाराचे दिवस निघून जातात आणि गाय हातची जाते.

या शेवटच्या प्रकारापासूनच सुरुवात करतो.

उन्हाळ्यात संकरित गाय तापाने फणफणते. थर्मामीटर १०५-१०६ दाखवतो, वैरण सुटते, दूध निम्म्यावर येतं. कोणीतरी येतं आणि ताप उतरवणारं एक, अँटिबायोटिक एक, लिव्हरचं टॉनिक एक आणि सोबत थोडं डेक्सा असा चौकडा टोचून जातं. डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन, हे स्टेरॉइड. त्याने संध्याकाळी गाय तरतरीत दिसते, गव्हाणीत तोंड घालते. मालक खूश. (गाय सात-आठ महिन्यांची गाभण असेल तर याच डेक्साने ती गाभडू शकते, पण तो हिशोब नंतर कोणी जोडत नाही.) दुसऱ्या दिवशी ताप परत. आता अँटिबायोटिक बदललं जातं, ‘भारीतलं’ येतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पापणी उलटून पाहिली तर आतला भाग पांढराफटक, खांद्यापुढची गाठ सुजून टरारलेली, श्वास जड. तेव्हा कुठे कोणी कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढतं. जिम्सा रंग चढवून ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की तांबड्या पेशींच्या पोटात बारीक अंगठ्या आणि स्वल्पविराम दिसू लागतात. थायलेरिया.

गोचिडातून आलेला हा एकपेशीय परजीवी आहे. तो जिवाणू नव्हेच, त्यामुळे पेनिसिलिन, सेफ्ट्रियाक्सोन, जेंटामायसिन ही मंडळी त्याच्या वाटेला जात नाहीत. त्याच्यावर औषध आहे : बुपारव्हॅकोन, वजनाच्या किलोमागे अडीच मिलिग्रॅम, खोल स्नायूत. ते वेळेत दिलं तर गाय बहुधा उठते. रक्त संपत आल्यावर दिलं तर परजीवी मरतो, पण तोवर गाईत श्वासापुरतंही रक्त उरलेलं नसतं. हे औषध महाग पडतं, म्हणून ‘आधी साधं देऊन पाहू’ अशी रीत पडली आहे. त्या साध्यात तीन दिवस जातात. गाय दगावली की मालक म्हणतो, डॉक्टरांनी खूप केलं, चार-चार सुया मारल्या, पण तिचं आयुष्यच नव्हतं.

काचपट्टी अँटिबायोटिकची शत्रू आहे, असं यातून कोणी समजू नये. त्याच पट्टीवर कधी ॲनाप्लाझ्मा दिसतो, आणि मग ऑक्सिटेट्रासायक्लिन द्यायलाच हवं, तेही आजच. बबेसिया दिसला तर औषध तिसरंच. तिन्ही आजार गोचिडांचे, तिन्हीत ताप आणि अशक्तपणा, आणि तिघांची औषधं वेगळी. काचपट्टी, रंगाची बाटली आणि एक जुना सूक्ष्मदर्शक यांना प्रयोगशाळा म्हणायचं आणि ‘प्रयोगशाळेचा अहवाल यायला आठवडा लागतो’ म्हणून हात झटकायचे, हे मला पटत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात हे काम अर्ध्या-पाऊण तासात होतं.

दुसऱ्या टोकाला तिवा. पावसाळ्याच्या आसपास गाय अचानक लंगडते, थरथरते, बसून राहते, ताप चढतो. हा विषाणूचा आजार आहे. बहुतेक गाई तीन दिवसांत आपल्या पायांवर उभ्या राहतात, मग त्यांना अँटिबायोटिक दिलेलं असो वा नसो. दुखणं आणि ताप कमी करणारं औषध द्यावं, पाणी पाजावं, बसलेल्या गाईची कूस बदलत राहावी. पण तिसऱ्या दिवशी उठलेली गाय म्हणजे पहिल्या दिवशी टोचलेल्या अँटिबायोटिकची जाहिरातच. मालकाने पाहिलेलं असतं की सुई मारली आणि गाय उठली. न मारताही ती उठली असती हे दाखवायला दुसरी गाय गोठ्यात नसते. व्यालेली गाय कॅल्शियम कमी झाल्याने कान थंडगार पडून मान वळवून बसते, त्या मिल्क फीव्हरमध्येसुद्धा ‘फीव्हर’ म्हणून अँटिबायोटिक टोचणारे महाभाग आहेत. अंग थंड, आणि इलाज तापाचा!

इथे समोरून हमखास प्रश्न येतो : ताप सोडा, कासदाह तर जिवाणूंचाच आजार ना? दगडी झाली, सडातून गाठी यायला लागल्या, तर काय बघत बसायचं?

प्रश्न बरोबर आहे. आपल्या दूधपट्ट्यात दुभत्या गाईला अँटिबायोटिक देण्याचं सर्वात मोठं कारण हेच, तेव्हा इथे जरा थांबायला हवं.

पहिली गोष्ट, गाठी दिसल्या म्हणजे जंतू अजून सडात आहेत असं नाही. काळ्या कापडावर पहिल्या धारा मारल्यावर जे दही-दही दिसतं, ते गाईच्या पांढऱ्या पेशींनी केलेल्या लढाईचे अवशेष असतात. इ. कोलायसारखा जंतू असेल तर ही लढाई गाय बऱ्याचदा स्वतःच जिंकून मोकळी झालेली असते, आणि डॉक्टर येतो तो युद्ध संपल्यावर. असे नमुने प्रयोगशाळेत लावले तर १० ते ४० टक्क्यांमध्ये काहीच उगवत नाही, असा अनेक देशांमधला अनुभव आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिका आणि कॅनडातल्या गोठ्यांवर घेतलेली एक चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. सौम्य ते मध्यम कासदाहाच्या गाईंपैकी निम्म्यांना लगेच सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली. उरलेल्यांचं दूध गोठ्यावरच एका दिवसात तपासून ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू सापडला तरच सोडली. दुसऱ्या गटात औषध निम्म्यावर आलं, आणि गाई बऱ्या होण्यात लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांना एक दिवस ‘थांबवलं’ त्या गाई मेल्या नाहीत, हे मुद्दाम सांगतो.

आपल्याकडे परिस्थिती तंतोतंत तशी नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी धार हाताने काढतात, एकाच हाताने, एका गाईवरून दुसरीवर. त्यामुळे सडासडांतून पसरणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्याकडे मोठा. हा जंतू पेशींच्या आत दडतो, कासेत गाठी करून त्यांच्यात तळ ठोकतो. जुनाट झाल्यावर औषध त्या गाठींच्या आत पुरेसं पोचत नाही. मग दर महिन्याला तोच सड, तीच ट्यूब, चार दिवस बरं, पुन्हा गाठी. युरोपातलं पुस्तक इथे सांगतं की ही गाय कळपातून काढा. महाराष्ट्रात गोहत्याबंदी आहे, गाय सहजी विकली जात नाही, हा आमच्या मित्रांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्यावरचा उपाय बाराव्यांदा अँटिबायोटिक देणं हा कसा होतो? तो एक सड कायमचा आटवून टाका. तीन सडांची गाय बऱ्यापैकी दूध देते, शेवटी तिची धार काढली तर जंतू पसरत नाही, आणि मालकाचा औषधाचा खर्च थांबतो.

आता औषधशास्त्र. आमच्या पदवीच्या अभ्यासात हे सगळं होतं, तरीही लिहिण्याची वेळ येते. रक्ताचा सामू ७.४ आणि निरोगी दुधाचा ६.६ ते ६.८ असतो. या छोट्याशा फरकामुळे टायलोसिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी सौम्य अल्कधर्मी औषधं रक्तातून दुधात उतरतात आणि तिथे अडकून साठतात. पेनिसिलिन, सेफ्ट्रियाक्सोन ही सौम्य आम्लं रक्ताच्या बाजूलाच राहणं पसंत करतात. जेंटामायसिन अल्कधर्मी असलं तरी चरबीत विरघळत नाही, म्हणून ते कासेचा पडदा नीट ओलांडत नाही. म्हणजे कासदाहासाठी मानेत टोचलेलं जेंटामायसिन कासेत जेमतेम पोचतं. मूत्रपिंडात मात्र ते महिनोन्महिने ठाण मांडतं. तरी ‘दगडीला जेंटा’ ही जोडी गावोगाव पाठ आहे.

सेफ्ट्रियाक्सोनची कथा याहून बोलकी. माणसात हे औषध रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून राहतं, त्याचं अर्धायुष्य सहा ते नऊ तास, म्हणून माणसाला दिवसातून एकदा दिलं तरी चालतं. गाईच्या शरीरातून ते कितीतरी लवकर बाहेर पडतं. आणि या सेफालोस्पोरिन गटाची औषधं जंतूला मारतात ती मात्रेच्या जोरावर नव्हे, तर किती तास त्याच्या मानगुटीवर बसली यावर. त्यामुळे ‘एकदम तीन ग्रॅमची कुपी ठोकली’ याचा अर्थ सकाळी काही तास औषध भरपूर, मग उरलेला दिवस अपुरं. अपुऱ्या औषधात जे जंतू तगतात, ते पुढे राज्य करतात. टायफॉइड, मेंदुज्वर, रक्तातला जंतुसंसर्ग अशा आजारांत माणसासाठी राखून ठेवायचं हे औषध आपण कासेत न पोचणाऱ्या मार्गाने, न पुरणाऱ्या वेळापत्रकाने गाईला देतो, आणि वर त्याला ‘भारीतलं’ म्हणतो. अमेरिकेत २०१२ पासून या गटाची औषधं दुभत्या जनावरांना लेबलाबाहेर मनमानीने देण्यावर बंदी आहे. तिथे गोठे ओस पडल्याचं ऐकिवात नाही.

एवढं म्हटल्यावर दुसरी बाजूही ठामपणे सांगतो. घटसर्प, फऱ्या, किंवा कान थंड पडून, पिवळसर पाण्यासारखं दूध येऊन गाय आडवी होते तो कोलिफॉर्म कासदाह, यांत मी थांबत नाही आणि कोणी थांबू नये. तिथे अँटिबायोटिक पहिल्या तासात, पूर्ण मात्रेत, पूर्ण दिवस. फऱ्याला पेनिसिलिनच, त्याला चौथ्या पिढीचं काही लागत नाही. निर्बंधांची मागणी करणारे या जनावरांना औषध नाकारताहेत, असं चित्र बैठकीत रंगवलं जातं. मी वाचलेल्या एकाही मसुद्यात तसं म्हटलेलं नाही.

मधेच एक. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सौम्य कासदाहासाठी कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप पुढे आणला आहे, आणि आमच्यातले काही जण त्याकडे तुच्छतेने पाहतात. मला त्याचं कौतुक आणि शंका दोन्ही आहे. सौम्य कासदाह बऱ्याचदा आपला आपण जातो, म्हणून लेपाने किती गाई बऱ्या झाल्या हा आकडा लेप न लावलेल्या गाईंच्या शेजारी ठेवल्याशिवाय अर्थाचा नाही. पण हीच कसोटी आमच्या कुपीला कोणी लावत नाही, हे विसरू नये. लेपाला पुरावा मागायचा आणि सेफ्ट्रियाक्सोनला विश्वासावर सोडायचं, याला शास्त्र म्हणत नाहीत.

दुधातल्या अवशेषांबद्दल बैठकीत एक आकडा फिरतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांमध्ये अँटिबायोटिकचे अवशेष मर्यादेबाहेर आढळले, म्हणजे १.२ टक्के. ‘बघा, काही नाही त्यात.’ आकडा खरा आहे, प्रश्न चुकीचा आहे. अवशेष दुधात किती उरले आणि जंतू किती निगरगट्ट झाले, या दोन वेगळ्या गोष्टी. मालकाने औषधाचा काळ संपेपर्यंतचं सगळं दूध ओतून दिलं, केंद्रावर एक थेंब गेला नाही, तरी गाईच्या आतड्यात निवडून तगलेले जंतू शेणातून उकिरड्यावर आणि उकिरड्यातून भाजीच्या वाफ्यात जातातच. सर्वेक्षण त्याबद्दल काही सांगत नाही. शिवाय हजारो लिटर दुधात एका गाईचं दूध विरघळून जातं, हे खरं. पण किती विरघळावं लागतं हेही मोजावं. दोन लाख युनिट पेनिसिलिनची एक ट्यूब म्हणजे सुमारे १२० मिलिग्रॅम. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम. ट्यूबमधलं निम्मंच दुधावाटे बाहेर आलं असं धरलं, तरी ते मर्यादेखाली आणायला पंधरा हजार लिटर दूध लागेल. सडात एक ट्यूब, आणि एक मोठा टँकर!

उकळल्याने हे जातं, अशी समजूत अजून आहे. बहुतेक अँटिबायोटिकना आपल्या घरच्या उकळीने फारसा धक्का लागत नाही. घरात सगळ्यांत आधी हे कळतं ते विरजणाला. दही लागत नाही, पाणी सुटतं, आणि दोष हवेला दिला जातो.

संकलन केंद्रावरची एक चाचणी मला आवडते. जांभळ्या माध्यमाच्या बारीक कुपीत उष्णतेला न डगमगणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू असतात. त्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकून कुपी ६४ अंशांवर तीन तास ठेवायची. दूध स्वच्छ असेल तर जिवाणू वाढतो, आम्ल करतो, कुपी पिवळी होते. औषध असेल तर तो वाढत नाही आणि जांभळा रंग तसाच राहतो. अडाणी माणसालाही वाचता येईल असा निकाल. पण वेळ लागतो म्हणून बऱ्याच ठिकाणी काही मिनिटांत निकाल देणारी पट्टी वापरतात, आणि ती बहुधा पेनिसिलिन-सेफालोस्पोरिन आणि टेट्रासायक्लिन या गटांपुरतीच असते. परिणाम काय होतो? पट्टीत न सापडणारं औषध निवडलं जातं. हा मोह होताना मी पाहिला आहे. दूध ‘पास’ होतं आणि गाईला गरज नसलेलं, कदाचित जास्त घातक औषध मिळतं. आकडा चांगला दिसण्याचा एक मार्ग हाही आहे.

मग हे सगळं ठाऊक असून सुई का मारली जाते? माझ्या मते याचं उत्तर औषधशास्त्रात सापडत नाही, ते पैशाच्या देवाणघेवाणीत आहे. तिव्याची गाय पाहून, तापाचं एक इंजेक्शन देऊन निघालं की हा संवाद होतो :

‘एकच सुई, डॉक्टर? शेजारच्या अण्णांच्या गाईला तीन मारल्या होत्या.’

‘मावशी, हिला एवढीच पुरे. परवा उठेल.’

‘मग तुमचे पैसे कशाचे?’

मावशींचं चुकत नाही. आपल्याकडे सल्ल्याचे पैसे देण्याची रीत नाही, सुईचे देतात. भेटीचं शुल्क, पेट्रोल, रात्रीची झोप, सगळं कुपीच्या किमतीत लपवलेलं असतं. म्हणून कुपी जितकी मोठी तितकी भेट सार्थकी. ज्याच्याकडे पदवी नाही पण औषधाची पिशवी आहे, त्याचं तर सगळं उत्पन्नच कुपीतून येतं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. बिनपदवीच्या माणसाला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात, त्यांत सेफ्ट्रियाक्सोन बसत नाही. पण देखरेख करायची कोणी? डेन्मार्कने १९९५ मध्येच पशुवैद्यकाला औषधविक्रीतून मिळणाऱ्या नफ्यावर मर्यादा घातली. नेदरलँड्समध्ये जनावरांच्या अँटिबायोटिकची विक्री २००९ च्या तुलनेत काही वर्षांत निम्म्याहून खाली आली. हे त्यांच्या श्रीमंतीमुळे झालं असं आमचे मित्र म्हणतात. श्रीमंत तर ते २००९ मध्येही होते, तेव्हा वापर प्रचंड होता. बदलले ते नियम, नोंदी आणि कुपी विकण्यातून पैसा कोणाला मिळतो हे.

‘बंदी आली की धंदा बुडतो’ हेही आपलं ऐकून झालेलं आहे. २००६ मध्ये जनावरांचं डायक्लोफेनॅक बंद झालं, कारण मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. वेदनेने तडफडणाऱ्या बैलाचं काय, असा सूर तेव्हाही लागला. मेलॉक्सिकॅम आलं आणि काम चालू राहिलं. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत आणि माणसांत जंतूंना कोलिस्टिन या अँटिबायोटिकला दाद न देण्याची ताकद देणारं जनुक सापडल्याचं जाहीर झालं, आणि जुलै २०१९ मध्ये आपल्याकडे अन्न देणाऱ्या जनावरांसाठी आणि त्यांच्या खाद्यासाठी कोलिस्टिनवर बंदी आली. कोंबड्या पाळणं बंद झालं नाही.

माणसांच्या डॉक्टरांबद्दल फार लिहीत नाही. त्यांच्या बैठकीत ते पोल्ट्रीवाल्यांकडे बोट दाखवतात, आमच्या बैठकीत आम्ही त्यांच्याकडे. दोघांचंही म्हणणं बरोबर असू शकतं.

उरतो तो पैशाचा आक्षेप, आणि तो खरा आहे. औषधांच्या नियमांमधल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर जनावरांच्या औषधाच्या लेबलवर किती दिवस दूध वापरू नये हे छापणं बंधनकारक झालं. कंपनीने तो काळ शास्त्रीय पद्धतीने ठरवला नसेल, तर दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस धरायचे. बारा लिटरची गाय, लिटरला ३२ रुपये धरले, तर सात दिवसांचे २,६८८ रुपये. दोन गाईंच्या घरात ही रक्कम छोटी नाही. शेतकरी लोभी म्हणून दूध घालतो असं शहरातले लोक लिहितात तेव्हा मला राग येतो. पण या खर्चाचा अर्थ ‘म्हणून नियम नको’ असा कसा लावायचा? उलट प्रत्येक नको असलेली कुपी त्या घराला औषधाच्या किमतीवर आणखी अडीच हजारांना पडते, हे मालकाला कोणी सांगत नाही. मी सांगतो, आणि ते कळल्यावर ‘भारीतलं द्या’ म्हणणारेही थबकतात. सात दिवसांच्या सरसकट काळाबद्दल तक्रार असेल तर ती कंपन्यांकडे करावी : आपल्या गाईंवर, आपल्या मात्रेत औषध किती दिवस उरतं हे मोजा आणि छापा. काही औषधांचा काळ मोजल्यावर कमीही निघेल. आणि ते दूध वासराला पाजून ‘वाया घालवलं नाही’ असं समाधान मानू नये. कमी मात्रेचं औषध रोज पोटात गेलेल्या वासराच्या आतड्यात आपण तेच जंतू वाढवत असतो.

सात दिवसांचा तोटा एकट्या मालकाने सोसावा असं कुठेही लिहिलेलं नाही. डॉक्टरने औषध, तारीख आणि दूध बंदचे दिवस लिहून दिलेली चिठ्ठी, मालकाने ती केंद्रावर दाखवणं, आणि संघाने त्या दिवसांचा काही भाग भरून देणं, एवढं तरी करता येईल. ज्या केंद्रावर फॅट आणि एसएनएफचा एकेक पॉइंट रोज दोन वेळा मोजून पैसे कापले जातात, तिथे एका गाईचं दूध सात दिवस का आलं नाही याची नोंद ठेवायला वेगळी यंत्रणा लागत नाही.